कचेरीतला एसी आणि २४ अंशांची पूर्वपीठिका

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये व्यापारी इमारतींना एसीचे तापमान २४ ते २५ अंश सेल्सिअस ठेवण्याची शिफारस केली, आणि जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगच्या खोलीतल्या एसींवर कारखान्यातूनच २४ अंशांचे सेटिंग करून देणे बंधनकारक झाले. एका अंशाने तापमान वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ब्यूरोचा हिशेब आहे. मात्र ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते की एकाच मजल्यावर, एकाच दुपारी, काचेलगत बसलेला उकाड्याने हैराण होतो आणि डक्टच्या तोंडाखाली बसलेला जाळीवर पुठ्ठा चिकटवून घेतो. दोघांच्या माथ्यावर सेटिंग २४ चेच असते.

यामागचे शास्त्र बरेचसे प्रयोगशाळेतून आले आहे. खोलीतली हवा माणसाला कितपत सुखकर वाटेल हे सांगणारे, डॅनिश संशोधक पी. ओ. फँगर यांनी १९७० मध्ये मांडलेले सूत्र नियंत्रित खोल्यांत बसवलेल्या, मुख्यतः महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरील प्रयोगांतून तयार झाले. हवेचे तापमान, भोवतालच्या भिंती-काचांची उष्णता, आर्द्रता, हवेचा वेग, अंगावरचे कपडे आणि शरीराची चयापचय गती असे सहा घटक त्यात होते; व्यवहारात मात्र थर्मोस्टॅटवरच्या एका आकड्यालाच सारे महत्त्व मिळाले. सहाही घटक जुळले तरी पाच टक्के लोक असमाधानी राहतातच, असे हेच सूत्र सांगते. शिवाय चयापचयाचे प्रमाण पुरुषाच्या शरीरावर बेतलेले होते, आणि स्त्रियांच्या बाबतीत ते ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरले जाऊ शकते, असे किंग्मा आणि व्हान मार्केन लिख्टेनबेल्ट या नेदरलँड्सच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले. टेबलाच्या खणात शाल ठेवणाऱ्या बाईंच्या तक्रारीला नाजूकपणा म्हणून हसण्यावारी नेणे म्हणूनच चुकीचे आहे.

वीज वाचवण्याचा आग्रह १९७३ च्या तेलटंचाईनंतर बळावला. अमेरिकेने १९७९ मध्ये व्यापारी इमारतींत उन्हाळ्यातले तापमान ७८ फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण साडेपंचवीस अंशांच्या, खाली नेण्यास मनाई केली. त्याहून अधिक नुकसान दुसऱ्याच काटकसरीने केले. बाहेरून आत घ्यायची ताजी हवा कमी करण्यात आली, अमेरिकी मानकानेही १९८१ मध्ये माणशी मिनिटाला अवघी पाच घनफूट हवा चालवून घेतली, आणि बंद इमारतींतून डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, मरगळ अशा तक्रारी वाढल्यावर १९८९ मध्ये ते प्रमाण तिप्पट करावे लागले. जपानने २००५ मध्ये ‘कूल बिझ’ मोहिमेत २८ अंश सुचवले, पण सोबत कोट-टाय उतरवण्याची मुभाही दिली, हा त्यातला समंजसपणा.

तापमानाच्या कामावरच्या परिणामाबद्दल सेप्पानेन आणि फिस्क या संशोधकांनी २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात २२ अंशांच्या आसपास काम सर्वोत्तम होते, ३० अंशांवर ते सुमारे नऊ टक्क्यांनी घटते, असे दिसले. पगारावरचा खर्च विजेच्या बिलापेक्षा कितीतरी मोठा असल्याने हा आकडा मालकांना लगेच पटतो. पण ही अनेक ठिकाणची सरासरी आहे, आणि डी डियर व ब्रेगर यांनी १९९८ मध्येच मांडले होते की माणसाला सुखकर वाटणारे तापमान बाहेरच्या हवेप्रमाणे आणि सवयीप्रमाणे सरकते.

आपल्याकडे हे काम अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात झाले. अहमदाबाद, बंगळूरु, चेन्नई, दिल्ली आणि सिमला येथील कचेऱ्यांत प्रत्यक्ष बसलेल्या माणसांना विचारून २०१४ च्या सुमारास सुखकर तापमानाचे भारतीय प्रतिमान (मॉडेल) तयार झाले. बाहेरची सरासरी २८ अंश असेल, तर खिडक्या उघडणाऱ्या इमारतीत सुमारे २८, आणि गरजेपुरताच एसी लावणाऱ्या इमारतीत २५.७ अंश सुखकर ठरतात, असे त्याचे गणित सांगते.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात हे गणित अडते ते दमटपणापाशी. चिलरमधून, म्हणजे मोठ्या इमारतींच्या एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्रातून, येणारे पाणी कमी थंड ठेवले की वीज वाचते खरी, पण एसीच्या थंड नळ्यांवर (कॉइलवर) हवेतली वाफ पुरेशी गळत नाही. मग पावसाळ्यात २५ अंशांवरही अंग चिकचिकते, कागद मऊ पडतात, आणि कोणीतरी सेटिंग खाली ओढतो. कोरडेपणा आणि हवेचा झुळूकभर वेग मिळाला, तर २६ अंशही निभतात, कारण सेकंदाला मीटरभर वेगाची हवा दोन-तीन अंशांचा दिलासा देते. सीबीडी बेलापूरमधल्या ज्या जुन्या कचेऱ्यांत छताचे पंखे आणि उघडणारी तावदाने आहेत, तिथे ही सोय आयतीच आहे. काचबंद मनोऱ्यांत फॉल्स सीलिंगमुळे पंख्यांना जागाच ठेवलेली नाही, आणि तिथे आर्द्रता मोजण्याआधी तापमान वाढवणे म्हणजे बचतीचा भार थेट कर्मचाऱ्यांच्या अंगावर टाकणे होय.