कागद नसलेली जागा : नागपुरातील शहर सुधारणा आणि गुन्हेगारी

१७ मार्च २०२५ रोजी नागपूरच्या महाल आणि हंसापुरी भागात हिंसाचार झाला. त्यानंतर सातव्या दिवशी, २४ मार्चला, त्या प्रकरणातील एका प्रमुख आरोपीचे यशोधरानगर भागातील घर महापालिकेने अनधिकृत बांधकाम म्हणून पाडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी पुढील पाडकामाला स्थगिती दिली. अशा कारवाईपूर्वी पंधरा दिवसांची नोटीस देण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजीच दिला होता; त्याची माहिती नव्हती, असे सांगून महापालिका आयुक्तांनी नंतर न्यायालयाची माफी मागितली. गुन्ह्याचा बंदोबस्त बांधकामाच्या नियमांनी करण्याचा हा प्रकार नागपूरला नवा नव्हता. इतवारीतील एका कुख्यात गुंडाचे बहुमजली घर महापालिकेने २०२० मध्ये असेच जमीनदोस्त केले होते. पोलीस आणि नगररचना ही दोन खाती या शहरात एकमेकांच्या इतकी जवळ कशी आली, हे समजण्यासाठी जागेच्या मालकीचा इतिहास पाहावा लागतो.

नागपूर १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी झाले, १८६४ मध्ये येथे नगरपालिका आली आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. राजधानीमुळे सिव्हिल लाइन्स वाढली आणि गिरणीमुळे जुन्या शहराच्या कडेने कामगारांच्या वस्त्या वाढल्या. इंदोऱ्याकडे गिरणीने कामगारांसाठी वसाहतही उभारली. मात्र गावाकडून येणाऱ्यांचा ओघ अशा वसाहतींत मावणारा नव्हता, आणि नाल्याकाठी, रेल्वेमार्गालगत किंवा नझुलाच्या, म्हणजे शहरातील सरकारी मालकीच्या, मोकळ्या जागेवर ज्यांनी झोपड्या टाकल्या त्यांच्याकडे आखीव पत्रिका, म्हणजे जागेच्या मालकीचा सरकारी नोंदीचा कागद, नव्हती. शहराच्या नोंदवहीत ही माणसे आली ती कामगार म्हणून. त्यांच्या घराची नोंद कोठेही झाली नाही.

मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर दोनच वर्षांत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्ती पाडून रुंद रस्ते काढणे म्हणजे सुधारणा, ही कल्पना तेथून इतर शहरांत पसरली. नागपुरात तिला कायद्याचे रूप १९३६ मध्ये मिळाले आणि नागपूर सुधार प्रन्यास अस्तित्वात आला. जमीन संपादन करायची, रस्ते व गटारे आखायची, भूखंड पाडून विकायचे आणि त्या पैशातून पुढची योजना उचलायची, अशी त्याची कार्यपद्धती होती. सेंट्रल ॲव्हेन्यूसारखा प्रशस्त रस्ता याच विचारातून आला. प्रन्यासाने या शहराला रस्ते, बगिचे आणि आखीव वसाहती दिल्या, हे मान्यच केले पाहिजे. पण भूखंड विकून चालणाऱ्या संस्थेला भूखंड घेऊ न शकणाऱ्या माणसाचा विचार प्रथम करता येत नाही, आणि नागपुरात असा माणूस बहुसंख्येने होता.

पुढे जे घडले त्यात या विषयाचे मूळ आहे. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानंतर मोकळ्या जमिनीचे रीतसर व्यवहार अवघड झाले, तर घरांची मागणी वाढतच राहिली. शहराच्या कडेच्या शेतजमिनी गृहनिर्माण सहकारी संस्थांच्या नावाने घेण्यात आल्या, अकृषक परवानगी न घेताच चुन्याच्या रेघा ओढून त्यांचे ले-आऊट पाडण्यात आले आणि आममुखत्यारपत्रावर किंवा साध्या करारनाम्यावर भूखंड विकले गेले. हे भूखंड घेणारे लोक लहान कारकून, शिक्षक, गिरणी कामगार, हातमाग सोडलेले विणकर असे होते. मंजूर नकाशा नसल्याने एकच भूखंड दोघातिघांना विकणे सोपे होते, आणि तसे घडल्यावर कोणाचा कागद खरा, हे दिवाणी न्यायालयात ठरायला आयुष्याची वर्षे जात. त्या मधल्या काळात भूखंडावर ज्याचा ताबा, त्याचीच जागा. ताबा मिळवून देणे आणि ताबा उठवणे हा धंदा नागपुरात येथून रुजला, आणि त्यासाठी लागणारी दांडगी मुले शहराने त्याच वस्त्यांतून उचलली.

अशा विनापरवाना पाडलेल्या लहान भूखंडांना नियमित करण्यासाठी शासनाने २००१ मध्ये गुंठेवारी कायदा केला. प्रन्यासाच्या दप्तरी '५७२' आणि '१९००' या आकड्यांनी ओळखले जाणारे अनधिकृत अभिन्यास (ले-आऊट) त्या कायद्याखाली नियमित करण्याचे काम सुरू झाले. नागपूरकराच्या बोलण्यात 'आरएल (भूखंड नियमित झाल्याचे पत्र) मिळाले का?' हा प्रश्न मुलांच्या परीक्षेइतक्याच काळजीने येऊ लागला तो तेव्हापासून. कायद्यातील मुदत २०२१ च्या दुरुस्तीने २०२० अखेरपर्यंत वाढवण्यात आली. तरीही जमीन बळकावण्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत. २०१७ मध्ये पोलिसांना अशा तक्रारींसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले, आणि आयुष्यभराची पुंजी भूखंडात घातलेल्या वृद्धांनी दहा-वीस वर्षांपूर्वीच्या पावत्या घेऊन त्याच्याकडे धाव घेतली. माझ्या मते नागपूरच्या संघटित गुन्हेगारीचे स्वरूप समजायला खुनांच्या आकड्यांपेक्षा या पावत्या अधिक उपयोगी आहेत.

याच काळात कामाचा आधारही सुटत गेला. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि या शतकाच्या आरंभी बंद पडली. तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे. टी. चंद्रशेखर महापालिका आयुक्त असताना एकात्मिक रस्ते विकास प्रकल्पाखाली अतिक्रमणे हटवून रस्ते रुंद करण्यात आले आणि नागपूरची आजची ओळख बऱ्याच अंशी त्या रस्त्यांनी घडवली.

रुंद रस्त्यांचे हे शहर देशभर गाजले ते मात्र एका वेगळ्याच घटनेने. जरीपटक्याजवळच्या कस्तुरबानगर वस्तीत अक्कू यादव नावाचा गुंड अनेक वर्षे खंडणी, मारहाण आणि बलात्कार करीत होता. तक्रार करायला गेलेल्या बायकांना ठाण्यातून दाद मिळत नव्हती, उलट तक्रारीची बातमीच त्याच्यापर्यंत पोहोचत असे, असे वस्तीतील लोकांनी पुढे सांगितले. १३ ऑगस्ट २००४ रोजी त्याला जिल्हा न्यायालयात आणले असता वस्तीतील महिलांच्या जमावाने न्यायकक्षातच त्याला ठार केले. २०१४ मध्ये पुराव्याअभावी सर्व आरोपी निर्दोष सुटले. न्यायालयात झालेली हत्या म्हणून या घटनेची चर्चा पुष्कळ झाली, पण त्याआधी वर्षानुवर्षे ती वस्ती कोणाच्या भरवशावर जगत होती, या प्रश्नाची चर्चा तिच्या मानाने फारच कमी झाली. पोलीस आयुक्तालय १९६५ पासून असलेल्या शहरात हे घडले, ही गोष्ट विसरता येणारी नाही.

सुधारणा आणि बंदोबस्त यांची सरमिसळ सर्वांत उघडपणे दिसली ती गंगा-जमुनामध्ये. इतवारीलगतची ही देहविक्रयाची जुनी वस्ती ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी कठडे लावून बंद केली. अल्पवयीन मुलींची तस्करी हे त्यामागे दिलेले कारण गंभीर आणि खरे होते, आणि भोवतालच्या अनेक रहिवाशांनी कारवाईचे स्वागत केले. दुसरीकडे तेथील महिला रस्त्यावर उतरल्या. मोक्याच्या जागेवर बांधकाम व्यावसायिकांचा डोळा असल्याचा आरोपही त्या वेळी जाहीरपणे झाला. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याने देहविक्रय हा मुळात गुन्हा ठरत नाही. सार्वजनिक ठिकाणांजवळ तो करणे, कुंटणखाना चालवणे आणि तस्करी हे गुन्हे आहेत. हा भेद कठड्यांना कळत नाही, आणि त्या बायकांनी जायचे कोठे, याची तजवीज कठडे लावण्यापूर्वी व्हायला हवी होती.

कॅमेऱ्यांचा टप्पा थोडक्यात सांगता येतो. शहरातील सुमारे ७०० चौकांत साडेतीन हजारांवर कॅमेरे बसले, २०१६ मध्ये नागपूरची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली आणि पूर्वेकडील पारडी, भरतवाडा, पुनापूर भागात नव्याने रस्ते आखले गेले. मुख्य चौकातील वाहनचोर त्यामुळे सापडू लागला. ताब्याचे भांडण मात्र चौकात होत नाही.

त्यामुळे शहरातील चारशेहून अधिक झोपडपट्ट्यांना मालकीहक्काचे पट्टे देण्याचा गेल्या दशकातील कार्यक्रम मला या साऱ्या उपायांत महत्त्वाचा वाटतो. त्याची अडचण अशी की, नझूल, महापालिका आणि प्रन्यास यांच्या जागेवरील वस्तीला पट्टा देता येतो, पण रेल्वेच्या किंवा खासगी जमिनीवरील वस्तीला तो मिळत नाही, आणि काही वस्त्या तर महसुली दप्तरी झुडपी जंगल, म्हणजे खुरट्या झुडपांची जमीन, म्हणून नोंदलेल्या जमिनीवर आहेत. विदर्भातील या झुडपी जंगलाविषयी सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी निकाल दिला. ही जमीन वनच आहे, परंतु १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्यांनी केलेल्या वाटपाच्या बाबतीत राज्याने केंद्राकडे मंजुरी मागावी, असे त्यात म्हटले आहे. ज्यांना कोणत्याही अधिकाऱ्याने कधी काही वाटून दिलेच नव्हते, त्यांच्या घरांचा प्रश्न त्यामुळे पुन्हा जुन्याच जागी येतो.