एएस की एसएस?

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडच्या कितीतरी पोरापोरींनी शाळेतल्या तपासणीचा कागद पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला असतो. त्यावर शिक्का असतो: 'सिकलसेल पॉझिटिव्ह'. सिकलसेल म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. पण हा कागद अर्धाच आहे. ती पहिली चाचणी, सोल्युबिलिटीची, रक्तात सिकल हिमोग्लोबिन, म्हणजे तांबड्या पेशी वाकवणारं सदोष हिमोग्लोबिन, आहे एवढंच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्या केल्यावरच कळतं. तिथं उत्तर येतं एएस किंवा एसएस. ऐकायला जवळजवळ सारखंच, आणि घोळ तिथंच होतो.

एएस म्हणजे वाहक. आईबापांपैकी एकाकडूनच दोष आला. हा आजार नाही, त्याला औषध लागत नाही. पोलीस भरतीसाठी पळणाऱ्यानं उन्हात पाणी न पिता जीव तोडून धावू नये, लघवीत रक्त दिसलं तर दाखवावं, एवढंच.

एसएस म्हणजे दोघांकडूनही दोष आला. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, एसएसमधली 10 ते 20 दिवसच. विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत कळा सुटतात. 19 वर्षांचा एक मुलगा रात्री असाच तळमळत दवाखान्यात आला होता. अंगावर जखम नाही, ताप नाही, म्हणून त्याला नाटकी ठरवलं. त्याला असं ठरवल्याचा मला आजही राग येतो. लहानपणी मुलांच्या वॉर्डात त्याची आईच सगळं सांगायची. मोठ्यांच्या वॉर्डात तो एकटा होता, आणि 'एसएस' हा शब्द त्याला माहीतच नव्हता.

म्हणून अठराव्या वर्षाच्या आतच एसएस असलेल्या मुलाला स्वतःची फाईल वाचता आली पाहिजे. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचं औषध चालू असेल तर ठरल्या वेळी रक्त तपासायचं, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं. अंग पांढरं पडलं म्हणून लोहाच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. ताप, छातीत दुखून दम लागणं, एक बाजू लुळी पडणं, यात घरी थांबायचं नाही. मुलांनी आणखी एक लाज सोडावी: लिंग ताठरून दुखत राहिलं, चार तास होत आले, तर थेट रुग्णालय गाठावं. उशिरानं कायमचं नुकसान होतं.

लग्न ठरताना मात्र एएसवाल्यालाही रिपोर्ट लागतो. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारातली एक शक्यता एसएस बाळाची. 'पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन नीट होतील' असं पुष्कळ घरांत म्हणतात; ते चूक आहे, दर वेळी हिशेब नव्यानं सुरू होतो. गरोदरपणात पोटातल्या बाळाची लवकर तपासणी करता येते, म्हणून दिवस राहताच सांगावं.

बारडोलीकडे ऊसतोडीला निघताना गोळ्या पुरतील एवढ्या घ्याव्यात, आणि एचपीएलसीच्या कागदाचा फोटो स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवावा. मुकादमाच्या नको.