एका डोसमागची गोष्ट

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस आधी तीन डोसांची होती, मग दोन डोसांची झाली. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की वीस वर्षांपर्यंतच्या मुलींना एक डोसही पुरेल. त्यामागच्या पुराव्यांत बार्शी आणि पुण्याच्या मुलींचा मोठा वाटा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही.

विषाणूमुळे कॅन्सर होऊ शकतो, हे पेटन राउस यांनी १९११ मध्येच कोंबड्यांच्या गाठींवरून दाखवलं होतं. त्यांना नोबेल मिळालं १९६६ साली. माणसाच्या बाबतीत कॅन्सर टाळणारी पहिली लस आली ती कावीळ ‘ब’ची, कारण त्या काविळीच्या विषाणूमुळे यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. तैवानने १९८४ पासून नवजात बाळांना ती टोचायला सुरुवात केली आणि दहा-बारा वर्षांत तिथल्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर जवळपास निम्म्यावर आला. लस देऊन कॅन्सर टाळता येतो, हे तेव्हा जगाने पहिल्यांदा पाहिलं.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला बायका ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात. त्याच्या मुळाशी एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) हा विषाणू आहे. जर्मनीत हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये या विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार शोधले. १९९१ मध्ये ब्रिस्बेनला इयन फ्रेझर आणि जियान झोऊ यांनी त्याचं नुसतं कवच तयार केलं. आत जनुकं नाहीत, म्हणजे रोग नाही, पण शरीर मात्र त्या कवचाला विषाणू समजून सज्ज होतं. झोऊ १९९९ मध्ये गेले. लस २००६ मध्ये आली, ती त्यांना पाहता आली नाही.

आपल्याकडे २००९ मध्ये दोन वेगळी कामं सुरू झाली. आंध्र आणि गुजरातमध्ये मुलींना लस देण्याचा एक प्रात्यक्षिक प्रकल्प होता. दुसरीकडे दोन डोस आणि तीन डोस यांची तुलना करणारी चाचणी देशातल्या अनेक केंद्रांवर चालू होती. बार्शी आणि पुणे त्यातलीच. आंध्र-गुजरातच्या प्रकल्पातल्या सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लसीशी संबंध आढळला नाही. पण आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी संमतीपत्रांवर सह्या केल्याचं मात्र उघड झालं. तो राग रास्तच होता. गरीब घरच्या मुलीच्या आईलाही विचारावंच लागतं.

एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळंच थांबवलं. चाचणीतही लस देणं बंद झालं. सुमारे पाच हजार मुलींना पहिलाच डोस मिळाला होता, पुढचे राहिले. संशोधकांनी या मुलींना वाऱ्यावर सोडलं नाही, वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा चालू ठेवला. २०२१ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा एका डोसचं संरक्षण दोन-तीन डोसांइतकंच टिकलेलं दिसलं, ९५ टक्क्यांच्या आसपास. ठरवून असा प्रयोग करायला तेव्हा कुणी धजावलं नसतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लसीलाही २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

ही लस झालेला आजार मात्र बरा करत नाही. पेशीत शिरलेल्या विषाणूवर कवचाविरुद्धच्या प्रतिपिंडांचा (अँटीबॉडींचा) उपयोग नसतो. तिथे ई६ आणि ई७ ही त्याची प्रथिनं ओळखून पेशीच मारणारी लस लागते. नेदरलँड्समध्ये लायडनच्या संशोधकांनी २००९ मध्ये बाह्य जननेंद्रियावरच्या कॅन्सरपूर्व चट्ट्यांवर ती वापरून पाहिली. वर्षभराने १९ पैकी ९ जणींचे चट्टे पूर्ण गेले. पुढे वाढलेल्या कॅन्सरवर मात्र असं यश दिसलेलं नाही.

म्हणून ज्या बायकांचं लसीचं वय उलटून गेलं, त्यांच्यासाठी उस्मानाबाद जिल्ह्यातला, म्हणजे आताच्या धाराशिवमधला अभ्यास मला अधिक मोलाचा वाटतो. ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू निम्म्याच्या आसपास घटले. तुलनेच्या गटातल्या बायकांची मात्र तपासणीच झाली नव्हती, आणि ती बोचणी या अभ्यासाला कायमची चिकटली आहे.