जिन्याखालची बॅटरी, बॉनेटखालची बॅटरी

गेल्या वीस वर्षांत मध्यमवर्गीय घरातली बहुतेक यंत्रे बदलली. खोक्याएवढा टीव्ही भिंतीला चिकटला, फोनची तार गेली, आणि गाडीची चावी खिशातच ठेवून दार उघडता येऊ लागले. या सगळ्या उलथापालथीत एक वस्तू मात्र जवळजवळ जशीच्या तशी टिकून आहे, ती म्हणजे शिसे आणि गंधकाम्लाची बॅटरी. घरात ती इन्व्हर्टरच्या शेजारी, जिन्याखाली किंवा बाल्कनीच्या कोपऱ्यात असते आणि गाडीत बॉनेटखाली. दोन्ही बारा व्होल्टच्या, दोन्हींत तेच शिसे आणि तेच आम्ल. त्यामुळे गाडीची जुनी बॅटरी इन्व्हर्टरला लावून आणखी वर्षभर काढावे, असा विचार अनेकांच्या मनात येतो. बहुतेकदा ती काही महिन्यांतच बसते. ती का बसते हे नीट समजले, की या दोन्ही बॅटऱ्यांविषयीच्या नेहमीच्या बऱ्याच तक्रारींचा उलगडा होतो.

पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी ही पहिली बॅटरी गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केली. शिशाचे दोन पत्रे गुंडाळून त्याने पातळ गंधकाम्लात बुडवले होते. पुढे १८८१ मध्ये कामीय फोर याने शिशाच्या ऑक्साइडचा लगदा प्लेटांवर थापण्याची युक्ती काढली आणि बॅटरी कारखान्यात मोठ्या संख्येने बनू लागली. चार्ज झालेल्या बॅटरीत एका प्लेटवर सच्छिद्र शिसे असते आणि दुसरीवर शिशाचा डायऑक्साइड. वीज काढून घेताना दोन्ही प्लेटांवर शिशाचे सल्फेट जमते, आम्ल खर्ची पडते आणि पाणी तयार होते; चार्ज करताना हीच क्रिया उलट्या दिशेने चालते. म्हणूनच मेकॅनिक काचेच्या नळीत आम्ल ओढून त्याची घनता पाहतो. पूर्ण चार्ज असताना ती १.२५च्या आसपास असते आणि बॅटरी उतरली की १.१५च्या खाली जाऊ लागते. अशा प्लेटा आणि आम्ल असलेल्या एका कप्प्याचा विजेचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो, आणि असे सहा कप्पे मिळून बारा व्होल्टची बॅटरी होते.

या २.१ व्होल्टमागे एक विलक्षण गोष्ट आहे. शिशाच्या अणुकेंद्रात ८२ प्रोटॉन असल्यामुळे सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात, आणि तिथे आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाचे परिणाम दुर्लक्षिता येत नाहीत. राजीव आहुजा, पेक्का प्यूक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये गणिताने दाखवून दिले, की त्या दाबापैकी १.७ ते १.८ व्होल्ट निव्वळ या परिणामांमुळे मिळतात. आवर्त सारणीत शिशाच्या अगदी वरच्या घरात कथिल आहे आणि रासायनिकदृष्ट्या ते शिशाचे भावंडच. पण त्याचा अणू हलका असल्याने कथिलाची अशी बॅटरी चालत नाही. सकाळी गाडीचा सेल्फ लागतो, त्यात सापेक्षतावादाचा वाटा असा मोठा आहे.

आता दोन बॅटऱ्यांमधल्या फरकाकडे वळू. इंजिन सुरू करण्यासाठी पूर्वी समोरून लोखंडी हँडल फिरवावे लागे. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅक गाड्यांत आला आणि बॅटरीवर एक वेगळीच जबाबदारी पडली: दोनतीन सेकंदच, पण प्रचंड वीज देणे. छोट्या गाडीचा स्टार्टर शंभर-दीडशे ॲम्पिअर सहज ओढतो. दीडशे ॲम्पिअर दोन सेकंद म्हणजे हिशेबाने ०.०८ ॲम्पिअर-तास, ३५ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीच्या चारशेव्या भागाइतकीच वीज. एवढा प्रवाह एकदम मिळण्यासाठी आम्लाला शिशाचा जास्तीत जास्त पृष्ठभाग भिडला पाहिजे, म्हणून या बॅटरीत पातळ आणि सच्छिद्र प्लेटा दाटीने बसवलेल्या असतात. ती शंभर मीटर पळणारी धावपटू आहे. तिला मॅरेथॉनला उभे करणे हा तिच्यावर अन्याय आहे.

इन्व्हर्टरचे काम याच्या अगदी उलट असते. तीन पंखे, चार एलईडी दिवे आणि वायफायचा राउटर मिळून पावणेतीनशे वॉटचा भार धरला आणि इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज त्यात मिळवली, तर बॅटरीतून सुमारे २७ ॲम्पिअर सलग काही तास वाहतात. त्यात बॅटरी खोलवर रिकामी होते. दर वेळी प्लेटेवरचा लगदा फुगतो आणि पुन्हा आकसतो, आणि पातळ प्लेटांवरून तो सुटून तळाशी गाळ होऊन बसतो. इन्व्हर्टरसाठी बनवलेल्या ट्यूब्युलर, म्हणजे नळ्यांच्या, बॅटरीत हाच लगदा शिशाच्या जाड काड्यांभोवती, विणलेल्या पॉलिस्टरच्या नळ्यांत घट्ट कोंबलेला असतो. त्यामुळे तो गळत नाही, पण एकदम मोठा प्रवाहही देत नाही. पन्नास-साठ किलोंचे ते धूड उचलताना घरातल्या दोघांची कंबर धरते, ते याच शिशामुळे.

‘दीडशे एएचची (म्हणजे ॲम्पिअर-तासांची) बॅटरी घेतली, तरी साडेपाच तास का चालत नाही?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. दीडशेला सत्तावीसने भागले की साडेपाच येतात हे खरे. पण बॅटरीवर ‘सी-२०’ लिहिलेले असेल, तर दीडशेचा आकडा वीस तासांत सावकाश, म्हणजे साडेसात ॲम्पिअरने वीज काढली तरच खरा ठरतो. प्रवाह वाढवला की आम्लाला प्लेटेच्या आतल्या छिद्रांपर्यंत वेळेत पोहोचता येत नाही आणि हाती येणारी एकूण वीज घटते. याचे सूत्र जर्मन शास्त्रज्ञ पॉइकर्ट यांनी १८९७ मध्येच मांडले होते. चार तासांच्या आसपास बॅकअप मिळाला, तर दुकानदाराने फसवले असे समजू नये.

गाडीच्या बॅटरीला मात्र वापरापेक्षा आराम अधिक सोसत नाही. मार्च २०२०च्या टाळेबंदीत सोसायट्यांच्या आवारात गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या राहिल्या आणि नंतर त्यांतल्या अनेकींचा सेल्फ लागेना. बंद गाडीतही अलार्म, घड्याळ आणि संगणक मिळून ४० मिलिॲम्पिअरच्या आसपास वीज घेत राहतात. म्हणजे दिवसाला जवळजवळ एक ॲम्पिअर-तास आणि तीन आठवड्यांत बॅटरीचा निम्म्याहून अधिक साठा. आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्याचा तोडगा तेव्हा सर्रास केला गेला. पण पाच मिनिटांत फार तर एकदोन ॲम्पिअर-तास परत मिळतात आणि आठवड्याला सात जातात. शिवाय उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या प्लेटांवर सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कठीण होत जातात, आणि ते चार्जिंगने विरघळत नाहीत. गाडी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवावी किंवा ऋण टर्मिनलची वायर काढून ठेवावी, हे अधिक शहाणपणाचे.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी टाकण्याचे काम बहुतेक घरांत कोणाचेच नसते, म्हणून ते राहून जाते. चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात, आणि ही तूट डिस्टिल्ड वॉटरनेच भरावी लागते. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले लोह आणि क्लोराइड प्लेटांना बाधतात. हवेत चार टक्क्यांहून अधिक हायड्रोजन साठला, तर ठिणगीने स्फोट होऊ शकतो. बंद कपाटात इन्व्हर्टर आणि त्याच्यावरच्या फळीवर तेवत्या समईचे देवघर, अशी मांडणी जागेच्या टंचाईमुळे काही फ्लॅटमध्ये केली जाते, ती धोक्याची आहे. बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर सुरू करण्यासाठी जंपर केबल लावताना शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या धातूला लावायचा, तोही याच कारणासाठी.

तापमान हाही मोठा शत्रू. साधारण दहा अंश तापमान वाढले की आयुष्य निम्म्यावर येते, असा ठोकताळा आहे; विदर्भातल्या मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी लवकर जाते, त्यात नवल नाही.

या बॅटरीची एक बाजू भलतीच चांगली आहे: तिच्यातले शिसे जवळजवळ सगळे वितळवून पुन्हा वापरता येते. जुनी बॅटरी दिल्यावर दुकानदार किंमत कमी करतो, ती त्या शिशाची किंमत. पण तीच बॅटरी उघड्यावर भट्टी लावणाऱ्याकडे गेली, तर धूर आणि राख आसपासच्या मुलांच्या रक्तात उतरते. जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी वाटावी इतके शिसे असल्याचे युनिसेफ आणि प्रदूषणावर काम करणारी संस्था प्युअर अर्थ यांनी २०२० मध्ये जाहीर केले, आणि त्यामागच्या प्रमुख कारणांत बॅटऱ्यांच्या अशा भट्ट्यांची गणना केली. आपल्याकडे वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम २००१ पासून आहेत आणि २०२२ मध्ये ते नव्याने आले.

इन्व्हर्टरच्या बाजारात आता लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या येत आहेत. त्या हलक्या असतात, पाणी मागत नाहीत आणि खोलवर रिकाम्या झाल्या तरी कुरकुरत नाहीत. फक्त इन्व्हर्टरमध्ये लिथियमसाठीची चार्जिंगची सोय आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. विजेवरच्या गाड्यांतून तरी शिसे गेले असेल, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात गाडी उभी असताना सुरक्षेसाठी मोठी बॅटरी सर्किटपासून तोडलेली असते, आणि ती पुन्हा जोडणारे स्विच, दारांची कुलुपे आणि संगणक बारा व्होल्टच्या एका छोट्या बॅटरीवर चालतात. अनेक मॉडेलांत ती आजही शिशाचीच असते. ती उतरली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, आणि पेट्रोलच्या गाडीसारखीच जंपर केबल शोधावी लागते. काही उत्पादकांनी अलीकडे तिथेही लिथियम बसवायला सुरुवात केली आहे.