रायफलच्या पुंगळीचे रिसायझिंग

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरण्याआधी डायमध्ये (पोलादी साच्यात) दाबून मापात आणण्याची क्रिया. बार होताच पुंगळी फुगून चेंबरच्या (नळीतील काडतूस बसण्याच्या जागेच्या) भिंतीला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरला की ती किंचित आकसते, पण मूळ मापावर येत नाही.

बोल्ट ॲक्शन रायफलमध्ये (हाताने बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, मागेपुढे करावी लागणाऱ्या) त्याच चेंबरसाठी नुसती मान (गोळी धरणारा पुढचा भाग) आवळूनही काही बार निभतात. पुढे बोल्ट जड लागू लागतो आणि पुंगळी पूर्ण लांबीच्या डायमध्ये घालावीच लागते. सेमी-ऑटोमॅटिकला (पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या रायफलला) पहिल्यापासून तीच डाय हवी.

खरा प्रश्न खांदा (मानेखालचा उतार) किती मागे ढकलायचा हा. डाय शेल होल्डरला (पुंगळीचे बूड धरणाऱ्या भागाला) टेकवून मग थोडी आणखी खाली फिरवावी, ही सर्रास छापली जाणारी सूचना डोळे झाकून पाळू नये. चेंबर ऐसपैस असेल तर तिने खांदा गरजेपेक्षा मागे जातो. मग बार होताना पुंगळीची पातळ भिंत चेंबरला चिकटून राहते, बूड मात्र मागे बोल्टपर्यंत सरकते आणि बुडाच्या जरा वरचे पितळ ताणले जाते. असे पुन्हा पुन्हा झाले की तिथे बाहेरून चकचकीत कडे उमटते आणि शेवटी पुंगळीचे दोन तुकडे होतात. टोक वाकवलेली बारीक तार आतून बुडाकडून वर ओढावी. ती खाचेत अडकली तर पुंगळी मोडीत काढावी.

म्हणून झाडलेली पुंगळी कंपॅरेटर (खांद्यावर टेकणारा जोड) लावलेल्या कॅलिपरने मोजून खांदा तिथून ०.००१ ते ०.००२ इंचच (०.०२५ ते ०.०५ मिमी) मागे घेतात, सेमी-ऑटोमॅटिकसाठी थोडा जास्त. .३०८ विंचेस्टरचे हेडस्पेस (बोल्टपासून काडतूस चेंबरमध्ये जिथे अडते तिथपर्यंतचे अंतर) खांद्यावरच ठरते. .३०३ ब्रिटिशचे रिमवर (बुडाच्या कडेवर) आणि .३७५ एच अँड एच मॅग्नमचे बुडाजवळच्या पट्ट्यावर ठरत असले, तरी त्यांच्याही पुंगळ्या खांदा सांभाळला तरच टिकतात.

वंगणाशिवाय पुंगळी डायमध्ये अडकते आणि ओढताना रिम फाटते. वंगण जास्त झाले तर खांद्यावर पोचे पडतात. हे पोचे दिसायला वाईट, एरवी बहुधा निरुपद्रवी. काम झाल्यावर वंगण पुसून टाकतात.

दाबलेले पितळ पुढे सरकून पुंगळी लांबते, त्यामुळे लांबी रिसायझिंगनंतरच मोजावी. .३०८ साठी कमाल २.०१५ इंच (५१.१८ मिमी). त्याहून लांब मान चेंबरच्या टोकाशी चिमटली जाऊन गोळी सुटत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. वारंवार दाबल्याने मान कडक होऊन चिरते. ती तापवून मऊ करता येते, बूड मात्र कधीही तापवू नये.