सहा, चार, चार : लडाखच्या उंचीवर लष्करी डॉक्टर काय शिकले

लेहला विमानातून उतरलेल्या जवानाला पहिले दोन दिवस जवळपास काहीच करायचं नसतं. बराकीच्या आसपास पाय मोकळे करायचे, पाणी प्यायचं, झोपायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दीड ते तीन किलोमीटर सपाटीवर चालायचं, तेही रमतगमत. पाचव्या-सहाव्या दिवशी पाच किलोमीटरपर्यंत चाल आणि ३०० मीटरपर्यंतचा सावकाश चढ. हा २,७०० ते ३,६०० मीटर उंचीसाठीचा पहिला टप्पा. त्याहून वर जायचं असेल तर आणखी चार दिवस, आणि ४,५०० मीटरच्याही वर जायचं असेल तर पुन्हा चार. सहा, चार, चार असे एकूण चौदा दिवस.

या वेळापत्रकात ना औषध आहे ना यंत्र. तरीही हिमालयात लष्करी डॉक्टरांच्या हाती याच्या तोडीचं दुसरं काही नाही. ते आलं कुठून, आणि लढाई सुरू झाली की सगळ्यात आधी तेच का मोडतं, हे समजायला साठ-सत्तर वर्षं मागे जावं लागतं.

लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशापेक्षाही किंचित कमी, तर ५,५०० मीटरवर जेमतेम निम्मा. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे २१ टक्केच; पण दाबच कमी असल्याने प्रत्येक श्वासात हाती लागणारा ऑक्सिजन घटतो. शरीर जुळवून घेतं, पण आपल्या गतीने. २४ मे १९४८ रोजी मेजर जनरल थिमय्यांना घेऊन एअर कमोडोर मेहर सिंगांनी लेहच्या तात्पुरत्या धावपट्टीवर डाकोटा उतरवलं, आणि त्या दिवसापासून मैदानातला माणूस काही तासांत तीन हजार मीटरच्या वर पोचू लागला. घोड्या-खेचरांच्या वाटेने झोजी ला खिंड ओलांडून येणाऱ्याला आठवडे लागत. त्या रखडण्यातच त्याचं शरीर तयार होई. विमानाने तेवढी एक सवड काढून घेतली.

छातीत पाणी भरून मरणारी धडधाकट तरुण माणसं डॉक्टरांनी पूर्वीही पाहिली होती. चिलीतल्या खाणींच्या भागात काम करणाऱ्या रेव्हनहिल या डॉक्टरने १९१३ मध्ये उंचीच्या आजाराचे दोन गंभीर प्रकार वेगळे काढून दाखवले होते, एक छातीचा आणि एक मेंदूचा. त्याचा लेख विस्मरणात गेला. पुढे कित्येक वर्षं अशा रुग्णाला न्यूमोनिया झाल्याचं समजून पेनिसिलिन दिलं जाई, नाहीतर हृदय कमी पडतंय असं समजून हृदयाची औषधं. १९६० मध्ये चार्ल्स ह्यूस्टन या अमेरिकी डॉक्टरने कोलोरॅडोतल्या एका स्कीपटूची केस छापली, तेव्हा इंग्रजी वैद्यकविश्वाला हा आजार वेगळा असल्याचं नव्याने कळलं. हाय अल्टिट्यूड पल्मनरी इडिमा, म्हणजे उंचीवर फुप्फुसात पाणी साचणं. आपल्या फौजेत इडिमाचं स्पेलिंग ब्रिटिश वळणाचं, ‘ओ’ने सुरू होणारं, म्हणून जवानांच्या तोंडी ‘हापो’. मेंदूचा तो ‘हाको’.

एक स्कीपटू ही ज्ञानाची सुरुवात म्हणायची. भारतीय लष्करी डॉक्टरांपुढे दोनच वर्षांत शेकड्यांनी रुग्ण आले.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला. चंदिगडसारख्या मैदानातल्या तळांवरून माणसं लेहला, आणि थेट ४,३०० मीटरच्या आसपास असलेल्या चुशूलला उतरवली गेली. चुशूलला तर एएन-१२ विमानांतून रणगाडेही उतरले. बऱ्याच तुकड्यांकडे धड गरम कपडे नव्हते. चढ, ओझं, थंडी आणि घाई, हापोला हवं ते सगळं एकत्र आलं होतं.

युद्ध महिनाभरात थांबलं, पण फौज वरच राहिली, आणि डॉक्टरांचं खरं काम तिथून सुरू झालं. लेहच्या लष्करी रुग्णालयातल्या १०१ हापो रुग्णांचा अभ्यास मेनन यांनी १९६५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडला. त्याच नियतकालिकात १९६९ साली इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांवरची निरीक्षणं छापली. एवढी मोठी संख्या तोवर जगात कुणाकडेच नव्हती. मैदानातून विमानाने घाईघाईत आणलेल्या एखाद्या तुकडीत हापोचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं, हे याच काळातल्या नोंदींतून पुढे आलं. त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समधले हृदयरोगतज्ज्ञ सुजय रॉय यांच्या गटाने हापो रुग्णांच्या हृदयात नळी घालून मोजलेले दाब प्रसिद्ध केले. फुप्फुसाच्या धमनीतला दाब प्रचंड वाढलेला, पण हृदयाच्या डाव्या बाजूचा दाब सर्वसाधारण. म्हणजे दोष हृदयात नव्हताच. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या बारीक धमन्या आकसतात. सगळीकडे सारख्या आकसल्या असत्या तर एक वेळ निभावलं असतं. पण काही भागांत जास्त आकसतात, काहींत कमी. मग सगळं रक्त उघड्या राहिलेल्या वाटांनी जोराने घुसतं, तिथल्या केशवाहिन्या ताणाने झिरपू लागतात आणि फुप्फुसाच्या पिशव्यांत पाणी साचतं. श्रम आणि थंडी हा दाब आणखी वाढवतात. पहिल्या दोन दिवसांची विश्रांती या कारणाने सक्तीची आहे.

सगळे निष्कर्ष मात्र टिकले नाहीत. इंदर सिंग यांच्या गटाने लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडची आणि मॉर्फिनची शिफारस केली होती. तर्क त्या काळाला धरून होता: शरीरात पाणी साठलंय, तर ते काढा. पण उंचीवरचा रुग्ण बहुधा आधीच कोरडा पडलेला असतो. कोरड्या हवेत जोरात श्वास चालू, तहान मेलेली, प्यायचं तर बर्फ वितळवायला हवं. त्यात फ्युरोसेमाइड दिलं की रक्तदाब पडतो, आणि चालत खाली येऊ शकला असता तो माणूस उचलून आणावा लागतो. मॉर्फिन श्वास मंदावतं, आणि इथे तर तो श्वासच रुग्णाला तारत असतो. दोन्ही औषधं मागे पडली. त्याच लेखातला स्टेरॉइडचा सल्ला मात्र टिकला. हाकोत डेक्सामेथासोन आधी ८ मिलिग्रॅम आणि मग दर सहा तासांनी ४ मिलिग्रॅम, ही आजची रीत त्याच वाटेवरची आहे. हापोसाठी निफेडिपिन हे धमन्या सैल करणारं औषध आलं १९८९ नंतर, युरोपातल्या प्रयोगांतून.

ऑक्सिजनवर कधी वाद नव्हता. वाद होता तो वाहून नेण्याचा. बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला चार लिटर दिला तर तो सहा तास पुरतो. हापोच्या रुग्णाला किमान एक दिवस-रात्र धरली तर ५,७६० लिटर लागतात, म्हणजे चार सिलिंडर, आणि हे सगळं एका माणसासाठी. लोखंडी सिलिंडर पाठीवर घेऊन ५,५०० मीटरवर चढणारा हमाल स्वतःच पुढचा रुग्ण होऊ शकतो. म्हणून वरच्या चौकीवरच्या डॉक्टरांचा पहिला उपचार नेहमी एकच राहिला: खाली न्या, आत्ता न्या, शक्यतो चालवू नका.

१३ एप्रिल १९८४ ला सियाचिन हिमनदी ताब्यात घेण्याची मोहीम, ऑपरेशन मेघदूत, सुरू झाली आणि ‘खाली न्या’ हे सांगणंही अवघड झालं. सियाचिनच्या काही चौक्या ६,००० मीटरच्या वर आहेत. चीता हेलिकॉप्टर येईल ते हवामान उघडलं तर. रात्री किंवा वादळात जे करायचं ते चौकीवरच. तिथे बसतो एक नर्सिंग असिस्टंट, फार तर एक तरुण कॅप्टन हुद्द्याचा डॉक्टर. त्यांच्या हाती नव्वदच्या दशकापासून आलेलं साधन म्हणजे ‘हापो बॅग’, माणूस आत झोपेल एवढी हवाबंद पिशवी. चेन लावायची आणि पायपंपाने आतला दाब चौरस इंचाला दोन पौंड वाढवायचा. ५,५०० मीटरवर एवढा दाब म्हणजे रुग्णाला जागच्या जागी सुमारे १,८०० मीटर खाली नेल्यासारखं.

ऐकायला सोपं, चालवायला त्रासाचं. दाब भरला म्हणून पंप थांबवता येत नाही, कारण आतल्या माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर ढकलायला ताजी हवा सतत आत जावी लागते. मिनिटाला दहा-पंधरा वेळा पाय मारायचा, तासन्‌तास. पंप मारणाऱ्यालाही धाप लागते, त्याला आळीपाळीने बदलावं लागतं. हापोच्या रुग्णाला उताणं झोपवत नाही, म्हणून डोक्याकडची बाजू खाली काहीतरी घालून उचलायची. दाब एकदम वाढवला तर कान फुटायला आल्यासारखे दुखतात. घाबरलेला किंवा उलटी होणारा माणूस आत ठेवणं धोक्याचं. आणि बाहेर काढल्यावर काही तासांत फायदा ओसरू लागतो. बॅग उपचार करत नाही, हेलिकॉप्टर येईपर्यंतची सवड मिळवून देते.

सियाचिनने पुस्तकात नसलेले आजारही दाखवले. १९९० मध्ये चंदिगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतले आनंद आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये २१ जवानांचं वर्णन दिलं. ही माणसं ५,८०० ते ६,७०० मीटरवर सरासरी पावणेअकरा आठवडे राहिलेली, नीट सवय करून वर गेलेली. तरी अंगावर सूज, पोटात पाणी, हृदयाची उजवी बाजू थकलेली. खाली आणल्यावर दोन-अडीच आठवड्यांत सगळं निवळलं. चौदा दिवसांत शरीर जुळवून घेतं ते काही काळापुरतं. त्याहून वर आणि त्याहून लांब राहिलं तर तेही हार मानतं. वरच्या चौक्यांवरचा मुक्काम साधारण तीन महिन्यांपुरताच ठेवतात, त्यामागे हे कारण आहे. शिवाय दाट झालेलं रक्त, कमी पाणी आणि तंबूत दिवसेंदिवस बसून राहणं यांमुळे पायांत आणि मेंदूत गुठळ्या होतात. दीर्घ मुक्कामात हा धोका मैदानापेक्षा ३० पट असल्याचं लष्करी डॉक्टरांच्या २००१ च्या अभ्यासात आलं.

थंडीचं वेगळं प्रकरण. हिमदंश झालेला पाय बर्फाने चोळायचा नाही, शेकोटीपुढे धरायचा नाही. ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा तास. पाणी सतत गार होत जातं, म्हणून गरम पाण्याची दुसरी सोय हाताशी हवी, आणि वेदनाशामक आधीच द्यायचं, कारण संवेदना परत येते ती आगीसारखी. पण जवानाला अजून चालत खाली जायचं असेल तर पाय वितळवायचाच नाही; वितळलेला पाय पुन्हा गोठला तर बोटं जातात. गोठलेल्या पायावर चालता येतं, वितळलेल्यावर नाही. कापायची घाई कधीच करत नाहीत. काळं काय पडलं आणि जिवंत काय राहिलं याची रेघ उमटायला आठवडे लागतात. रॉकेल हे तिथलं आणखी एक दुधारी शस्त्र. ते उणे तापमानातही द्रवच राहतं, म्हणून बुखारीत, म्हणजे तंबू गरम ठेवणाऱ्या शेगडीत, भरताना हातावर सांडलं की क्षणात कातडी गोठवतं. आणि बंद तंबूत जळताना कार्बन मोनॉक्साइड सोडतं. सकाळी डोकं दुखतंय, तोल जातोय असा जवान आला तर हाको की धुराचा विषार हे ओळखताना आधी विचारायचं ते तंबूतल्या बाकीच्यांचं. सगळ्यांचंच डोकं दुखत असेल तर संशय बुखारीवर.

कारगिलमध्ये १९९९ साली वेळापत्रक पुन्हा मोडलं. काश्मीर खोऱ्यातल्या, १,६०० मीटरच्या आसपासच्या पलटणी द्रासच्या ३,२०० मीटरवर आणि तिथून पाच हजारांच्या घरातल्या कड्यांवर गेल्या. टायगर हिल ५,०६२ मीटर आहे. पहिल्या आठवड्यांत चौदा दिवस कुणाकडेच नव्हते. शिवाय जखमी खाली आणायचा तो बहुतेक रात्री, कारण दिवसा उतार शत्रूच्या नजरेत. चार जणांचं स्ट्रेचर त्या कड्यांवर चालत नाही; एका जखमीमागे सहा-आठ माणसं अडकतात आणि कित्येक तास जातात. वाटेत पलटणीच्या डॉक्टरचं मदतकेंद्र, खाली शस्त्रक्रियेची सोय, मग हेलिकॉप्टरने श्रीनगरचं ९२ बेस हॉस्पिटल. सलाईन अंगाच्या उबेत, जॅकेटच्या आत ठेवावं लागतं. गार सलाईन दिलं तर शरीर आणखी थंडावतं, आणि थंड पडलेल्या माणसाचं रक्त नीट गोठत नाही. गार बोटांवर ऑक्सिजन मोजणारी क्लिप चुकीचे आकडे दाखवते, म्हणून आधी हात चोळून गरम करायचा.

१५ जून २०२० च्या गलवान चकमकीनंतर लष्कराने दिलेल्या निवेदनात मृत्युमुखी पडलेल्या वीसपैकी सतरा जवानांबद्दल म्हटलं होतं की ते गंभीर जखमी होते, त्या उंचीवरच्या शून्याखालच्या थंडीत राहिले होते आणि जखमांनी त्यांचा मृत्यू झाला.

नोव्हेंबर २००३ पासून सियाचिनवर गोळीबार थांबला, माणसं जायची थांबली नाहीत. ३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम चौकीवर हिमस्खलनात दहा जण गेले. त्यात सातारा जिल्ह्यातला एक नर्सिंग असिस्टंट होता. शांततेतली डॉक्टरांची रोजची झुंज मात्र याहून साधी असते, आणि ती जवानाच्या स्वभावाशी असते. डोकं दुखतंय, रात्री कोरडा खोकला येतोय, चालताना मागे पडतोय हे जवान सांगत नाही. अंगचोर म्हणतील ही भीती. मग नर्सिंग असिस्टंटला जेवणाच्या रांगेत बघावं लागतं कोण जेवण टाकतोय, जिना चढताना कोण थांबतोय. बसल्या जागी धाप लागली तर उशीर झालेला असतो.

दुसरी फसगत रजेची. वर्षभर ४,००० मीटरवर राहिलेला माणूस महिनाभर गावी, समजा सांगलीला, जाऊन येतो आणि म्हणतो, मी तर जुना आहे. रजेत त्याचं शरीर सगळं विसरलेलं असतं. परतल्यावर होणारा हापो तर कधीकधी जास्त कडक. म्हणून नियम असा: दहा दिवस ते चार आठवडे बाहेर असेल तर प्रत्येक टप्प्यावर पुन्हा चार दिवस, त्यातले पहिले दोन विश्रांतीचे. चार आठवड्यांहून जास्त असेल तर तो नवखाच. पुन्हा सहा, चार, चार.

पुण्या-मुंबईहून सकाळच्या विमानाने लेहला उतरून दुसऱ्या दिवशी ५,३५९ मीटरच्या खारदुंग ला वर फोटो काढणाऱ्या पर्यटकाला असा नियम लावणारं कुणी नसतं. त्याची सहल सहा दिवसांची असते, म्हणजे लष्कराच्या हिशेबात फक्त पहिला टप्पा.