पापडीच्या पतपेढीमागची गोष्ट

वसईत पापडी नाक्यावर कॅथॉलिक बँक आहे. आज ती शेड्यूल्ड सहकारी बँक म्हणून ओळखली जाते. १९१८ साली मोन्सिग्नोर (कॅथॉलिक धर्मगुरूंची एक मानाची पदवी) पी. जे. मोनीस यांनी ती सुरू केली तेव्हा मात्र आपल्या समाजातल्या माणसांना नडीला पैसा मिळावा, एवढाच तिचा आवाका होता. चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे उपासना, अर्पण करणाऱ्या धर्मगुरूने कर्जाच्या चोपड्यांत का लक्ष घालावं? याचं उत्तर शोधायला वसईपासून बरंच लांब जावं लागतं.

मध्ययुगात चर्चच्या लेखी व्याज घेणं हेच पाप होतं. ११७९ च्या धर्मपरिषदेने तर उघड सावकारी करणाऱ्याला ख्रिस्ती दफनही नाकारलं. पण बंदी घातल्याने गरिबाची नड भागत नाही. तो चोरूनमारून कर्ज काढतो आणि जास्तच अडकतो. हे ओळखलं ते फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथातल्या, साधूंनी. इटलीत पेरुजा इथे १४६२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने गरिबांसाठी पेढी निघाली. वस्तू गहाण ठेवायची, थोडी रक्कम घ्यायची, व्याज फक्त कारभाराच्या खर्चापुरतं. त्या थोड्याशा व्याजावरूनही पुढची कित्येक वर्षं वाद चालला आणि १५१५ मध्ये पोप दहावे लिओ यांनी अशा पेढ्यांना मान्यता दिली. नुसतं ‘पाप’ म्हणून हात झटकण्यापेक्षा ही सोय करणं मला फार मोलाचं वाटतं.

पुढचं पाऊल पडलं जर्मनीत. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन हा श्रद्धाळू प्रोटेस्टंट, खेड्यांचा कारभार पाहणारा अधिकारी. १८४६-४७ च्या दुष्काळात त्याने लोकांकडून वर्गणी काढून गरिबांना उधारीवर भाकरी मिळवून दिली. नंतर फ्लामर्सफेल्डला बदली झाल्यावर त्याला दिसली गाय. गरीब शेतकरी व्यापाऱ्याकडून उधारीवर गाय आणायचा. तिला चारा तो घालायचा, शेण तो काढायचा, पण दूध आणि वासरू हिशेबात वळतं व्हायचं. शेवटी हप्ता थकला की गायही जायची आणि कर्ज तेवढं राहायचं. १८४९ मध्ये त्याने गावातल्या खात्यापित्या लोकांना एकत्र आणून त्यांच्या हमीवर पैसा उभा केला, गाई घेतल्या आणि शेतकऱ्यांना फेडीसाठी काही वर्षांची मुदत दिली.

पण दात्यांचा उत्साह फार दिवस टिकत नाही, हे त्याने अनुभवलं. म्हणून १८६४ मध्ये हेडेसडोर्फ इथल्या संस्थेत कर्ज घेणाऱ्यालाच सभासद केलं. एकाचं कर्ज बुडालं तर भार सगळ्यांवर. संस्थेचा परिसर लहान, म्हणजे एकमेकांना ओळखणाऱ्यांचाच. कोण कष्टाळू, कोणाच्या घरी आजारपण, कोणाची विहीर आटली, हे तिथे कागदावर मांडावं लागत नाही. माझ्या मते सगळं मर्म इथेच आहे. कर्जबाजारी माणूस आधी एकटा पडतो. घरातल्यांपासूनही आकडा लपवतो. रविवारी चर्चमध्ये ज्यांच्या शेजारी बाकावर बसायचं त्यांनाच जामीन राहायचं असलं, तर तो आकडा बोलून दाखवावाच लागतो.

आपल्याकडे याची गरज किती होती ते १८७५ ने दाखवलं. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली, कर्जाची खतं मागून घेतली आणि जाळली. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याला थोडं संरक्षण मिळालं, पण बी-बियाण्याला पैसा कुठून आणायचा हा प्रश्न तसाच राहिला. मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला युरोपातल्या पतपेढ्यांचा अभ्यास करायला सांगितलं. त्याच्या भल्यामोठ्या अहवालाचं सार दोन शब्दांत सांगतात: ‘रायफायझन शोधा.’ १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, १९१२ मध्ये तो आणखी रुंदावला.

चर्चच्या आधाराने ही वाट आधी चोखाळली रांचीकडे. फादर जॉन हॉफमन हे जर्मन जेझुइट (येशूसंघ या कॅथॉलिक संघाचे धर्मगुरू) मुंडा आदिवासींमध्ये राहिले, त्यांची भाषा शिकले. त्यांची जमीन कर्जापायी सावकार-जमीनदारांच्या घशात जाताना त्यांनी पाहिली. १९०८ च्या छोटानागपूर कूळ कायद्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. पण नुसत्या कायद्याने भागणार नाही हे ओळखून १९०९ मध्ये त्यांनी कॅथॉलिक सहकारी पतसंस्था काढली. जोडीला धान्याची कोठारंही उभी राहिली. पेरणीच्या तोंडावर घरात दाणा नसला की माणूस सावकाराची पायरी चढतो, ती पायरी या कोठारांनी टाळली. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मन म्हणून फादरना देश सोडावा लागला. संस्था मात्र मागे राहिली आणि चालली.

वसईची माणसं मुंडांपेक्षा वेगळी: केळी, पानवेली, भाजीपाला पिकवणारे बागायतदार. पण अडचण ओळखीची. खत, मजुरी, रहाटाची डागडुजी यांना पैसा आज लागतो, माल विकून हातात येतो तो नंतर. मधल्या दिवसांत जो उसने देतो त्याच्याच भावाने माल घालावा लागतो. धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या वस्तीत, मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख होती, बाप्तिस्म्यापासून दफनापर्यंतची. रायफायझनला हवी असलेली जमीन इथे तयारच होती. मोनीस यांनी १९१८ मध्ये संस्था काढली तेव्हा रायफायझनच्या जन्माला बरोबर शंभर वर्षं होत होती. त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि इन्फ्लुएंझाच्या साथीने मुंबई इलाखा हवालदिल केला. नव्या पतपेढीचं पहिलं वर्ष ते होतं.